पश्चिम आफ्रिकेची घंटा : ओळख व मोल

खानापूर तालुक्यातील एका भगिनीचे पत्र आमच्या हाती आले आहे. पत्र चांगले चार पृष्ठांचे असून त्यातील निम्मा मजकूर एका घंटेविषयी व निम्मा जावेविषयी आहे. घंटेची हकिकत थोडक्यात अशी. या भगिनीचे थोरले दीर १९७८ ते १९८३ या काळात नायजेरिया देशातील बेनिन सिटी या शहरी एका शाळेत गणित शिकवीत होते. खनिज तेलाच्या पैशाने तो देश त्या सुमारास सधन झाला होता, शाळा भराभर निघत होत्या, आणि आपल्या देशातून पुष्कळ शिक्षक तिकडे गेले होते. परत येताना त्यांनी एक पितळी घंटा आणली व आपल्या मातोश्रींस दिली. आजींनी ती आल्ताराशेजारी खुंटीस अडकविली, आणि पुढे कितीतरी वर्षे सायंकाळी रोझरीसाठी मुलांना हाक मारावयाची ती त्या घंटेनेच.

आता आजी नाहीत, दीरही नाहीत. गेल्या पावसाळ्यापूर्वी जुन्या वस्तू घेणारा एक फिरता व्यापारी दारी आला. त्याने घंटा उलटसुलट करून पाहिली व पाच हजार रुपये देऊ केले. ही गोष्ट पुण्यास असलेल्या पुतण्याच्या कानी गेली. त्याने फोनवर चित्रे पाहून कळविले की, अशा वस्तू परदेशी लिलावांत लाखांनी जातात. झाले! ज्या घरात आजवर घंटेकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते, तेथे ती कोणाची, हा वाद उभा राहिला. थोरली जाऊ म्हणते, घंटा माझ्या माणसाने आणली. पत्र लिहिणाऱ्या बाई म्हणतात, सासूबाईंना आम्ही शेवटपर्यंत सांभाळले व घंटा त्यांची होती. त्यांच्या मुलीस परिचारिकेच्या शिक्षणासाठी पाठवावयाचे आहे, फी भरावयाची आहे, आणि दोघी जावांचे बोलणे सहा महिन्यांपासून बंद आहे. घंटेचे खरे मोल किती व ती विकावी काय, असा त्यांचा प्रश्न आहे.

स्थळ आले म्हणजे आपण आधी गाव विचारतो, मग घराणे, आणि देण्याघेण्याची बोलणी त्यानंतर. घंटेच्या बाबतीतही हाच क्रम बरा.

पश्चिम आफ्रिकेतील घंटा म्हणजे एकच एक प्रकार नव्हे. सर्वांत अधिक आढळते ती लोखंडाची घंटा. लोखंडाचे दोन पत्रे तापवून, ठोकून, कडांशी जोडून ती घडवितात. तिच्या आत लोलक नसतो; बाहेरून काठीने टोले द्यावयाचे. पुष्कळदा अशा दोन घंटा एका दांड्याला जोडलेल्या असतात, एक मोठी व एक लहान. घाना व टोगो या देशांतील एवे लोक तिला गान्कोगुई म्हणतात, नायजेरियातील योरुबा लोक अगोगो म्हणतात, इग्बो लोक ओगेने म्हणतात. लहान घंटा ही आईच्या कुशीतले मूल, अशी एवे लोकांची कल्पना आहे. नाचगाण्यातील सारा ताल या घंटेच्या आधारे चालतो; ढोलकरी चुकला तर चालेल, घंटावाला चुकता कामा नये. इग्बो मुलखातील आपल्या चर्चमध्ये मिस्सेच्या गायनासही ओगेनेची साथ असते. लोखंडास चुंबक चिकटते, पितळेस चिकटत नाही, एवढ्यावरून हा प्रकार घरच्या घरी वेगळा काढता येतो. पत्रातील घंटा पितळेची, ओतीव व लोलकाची आहे; तेव्हा तिचे घराणे निराळे.

ओतीव घंटांचे घराणेही मोठे आहे. आग्नेय नायजेरियातील इग्बो-उक्वू या गावी १९३०च्या दशकाच्या अखेरीस एक गृहस्थ पाण्याचे टाके खणीत असता काशाच्या अतिशय नाजूक वस्तू वर आल्या. पुढे १९५९पासून थर्स्टन शॉ या पुरातत्त्वज्ञांनी तेथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले, आणि त्या वस्तू नवव्या-दहाव्या शतकातील ठरल्या. त्यांत लहान घंटाही होत्या. म्हणजे पोर्तुगिजांचे पहिले जहाज त्या किनाऱ्यास लागण्यापूर्वी सुमारे पाच शतके तेथील कारागीर धातू ओतीत होते. आफ्रिकेस ही विद्या युरोपियनांनी दिली, असे एके काळी सर्रास लिहिले जाई. या एका टाक्याने ते लिहिणे खोटे पाडले. नायजेर नदीच्या खालच्या खोऱ्यातून मानवी चेहऱ्याच्या घंटा मिळाल्या आहेत. योरुबांपैकी इजेबू भागातील सरदार ओमो नावाची मुखवट्याची घंटा खांद्यावरून घेतलेल्या पट्ट्याने कमरेशी लटकवीत, आणि ते त्यांच्या मानाचे चिन्ह असे.

परंतु पत्रात जी वर्णिली आहे, वीतभर उंच, चौकोनी, वर निमुळती होत जाणारी, दर्शनी अंगास उठावाचा चेहरा असलेली, ती घडण बेनिनची. येथे एक खुलासा केला पाहिजे. आजच्या नकाशावर बेनिन नावाचा स्वतंत्र देश आहे. तो पूर्वीचा दाहोमी होय व त्याने हे नाव १९७५ साली घेतले. आपण बोलत आहो ते बेनिनचे जुने राज्य. ते आजच्या नायजेरियाच्या दक्षिण भागात होते, व बेनिन सिटी ही त्याची राजधानी. तेथील राजास ओबा म्हणतात. पितळ ही तेथे राजाच्या अधिकाराची वस्तू होती. ओतारी लोकांचा एक संघ होता, त्यांची वस्ती इगुन नावाच्या रस्त्यावर होती, आणि ओबाच्या आज्ञेवाचून त्यांनी काम करावयाचे नाही असा दंडक होता.

या चौकोनी घंटेची दोन कामे आपणांस ठाऊक आहेत. बेनिनच्या राजवाड्यातील जे प्रसिद्ध पितळी फलक आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत, त्यांवर योद्ध्यांच्या छातीवर नेमकी अशी घंटा लटकताना दिसते. दुसरे म्हणजे, पूर्वजांच्या वेदीवर ती ठेवीत असत आणि विधीच्या आरंभी वाजवून पूर्वजांस पाचारण करीत. आपल्या मिस्सेतील घंटीचा अर्थ निराळा आहे हे सांगणे नको. तरी वेदीवरून आलेला एक घडीचा नाद ऐकताच सर्वांनी सावध व्हावे, ही गोष्ट त्या लोकांस समजावून सांगण्याची गरज पडली नसावी.

ही घंटा ओतण्याची रीत पाहण्यासारखी आहे. आधी मातीचा गाभा करावयाचा, घंटेच्या पोकळीएवढा. तो वाळला की त्यावर मधमाश्यांच्या मेणाचा थर चढवावयाचा, घंटेची भिंत जेवढी जाड हवी तेवढा. मग मेणाचेच बारीक दोरे वळून नक्षी, डोळे, नाक, ओठ बसवावयाचे. त्यावर बारीक चाळलेल्या मातीचा लेप, त्यावर जाड माती, आणि मेण वाहून जाण्यास एक वाट. हे सारे तापविले की मेण वितळून निघून जाते व त्याच्या जागी पोकळी राहते. त्या पोकळीत वितळलेले पितळ ओतावयाचे, निवू द्यावयाचे, आणि शेवटी मातीचा साचा फोडावयाचा. साचा एकदा फुटला की फुटला. त्यातून दुसरी घंटा निघत नाही. आपल्याकडे बस्तरचे घडवे ओतारी आजही याच रीतीने काम करतात. ज्यांनी त्यांचे हत्ती-घोडे जत्रेत पाहिले असतील, त्यांना मेणाच्या दोऱ्यांची ती नक्षी चटकन ओळखू येईल.

या वस्तूंस जगात बेनिनचे ब्राँझ म्हणतात, पण तांबे व कथील मिळून होणारे कासे त्यांत क्वचितच असते. बहुतेक काम तांबे व जस्त यांच्या मिश्रणाचे, म्हणजे पितळेचे आहे. जुन्या गोव्यातील से कॅथेड्रलच्या घंटेस आपण सोन्याची घंटा म्हणतो ते तिच्या नादामुळे. नावावरून धातू ठरवू नये.

हे पितळ आले कोठून? त्यातील पुष्कळ भाग समुद्रमार्गे आला. १४८५च्या सुमारास पोर्तुगीज बेनिनला पोहोचले, आणि देवघेवीसाठी त्यांनी मॅनिला नावाची, घोड्याच्या नालेसारखी पितळी कडी आणावयास सुरुवात केली. ही कडी म्हणजे त्या किनाऱ्यावरचे नाणेच होते. त्यांच्या बदल्यात मिरी गेली, हस्तिदंत गेले, आणि माणसेही गेली. गुलामांच्या व्यापारातील हे चलन, हे विसरून या पितळेकडे पाहता येत नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बुडालेल्या जहाजांतून व जमिनीतून मिळालेल्या अशा कड्यांचे पृथक्करण करण्यात आले. तेव्हा असे दिसून आले की, पोर्तुगिजांच्या काळातील कड्यांचे पितळ जर्मनीतील ऱ्हाइन नदीच्या प्रदेशातून आलेले असून बेनिनच्या वस्तूंतील पितळेशी ते जुळते. ज्या पिढीने १५१० साली गोवा घेतले, त्याच पिढीच्या जहाजांतून उतरलेल्या कड्या इगुन रस्त्यावरच्या मुशीत वितळत होत्या.

१८९७च्या फेब्रुवारीत ब्रिटिश फौजेने बेनिन शहर घेतले. राजवाड्यातील व वेद्यांवरील हजारो वस्तू सैनिकांनी व अधिकाऱ्यांनी नेल्या. ओबा ओवोनरामवेन यांना कालाबार येथे हद्दपार केले व १९१४ साली ते तेथेच वारले. त्या वस्तू लंडनमध्ये विकल्या गेल्या आणि तेथून युरोप-अमेरिकेत पांगल्या. लढाईनंतर घंटा वाहून नेणे आपल्यालाही अपरिचित नाही. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर तेथील चर्चच्या घंटा मराठ्यांनी विजयचिन्हे म्हणून नेल्या व मंदिरांत बांधल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिराची घंटा त्यांपैकी मानली जाते. तिच्यावर १७२१ हे साल आहे. घंटा ही मोठी बोलकी वस्तू आहे. ती दुसऱ्याच्या घरी राहिली तरी आपले कूळ अंगावर घेऊन राहते. फरक एवढाच की, नाशिकची घंटा सर्वांच्या डोळ्यांपुढे टांगलेली आहे, आणि बेनिनच्या कित्येक घंटा कोणाच्या तरी बैठकीत शोभेची वस्तू होऊन बसल्या.

१९१४ साली एवेका द्वितीय गादीवर बसले. ते स्वतः कुशल कारागीर होते, व त्यांच्या आश्रयाने ओतकाम पुन्हा सुरू झाले. मात्र आता ओतारी केवळ राजवाड्यासाठी काम करीनात. गोरे अधिकारी, व्यापारी, पुढे प्रवासी व परदेशी शिक्षक हे नवे गिऱ्हाईक आले. इगुन रस्त्यावर आजही दुकाने आहेत आणि ओतकाम चालू आहे. जुने डौल, जुने चेहरे, जुनी नक्षी, पण पितळ मोडक्या नळांचे व भंगाराचे, आणि घंटा विकण्यासाठी ओतलेली. तिला नकली म्हणणे अन्यायाचे होईल. त्याच घराण्यातील ओताऱ्याने त्याच रीतीने केलेली ती वस्तू आहे. ती जुनी म्हणून विकली तरच खोटी ठरते, आणि तो दोष ओताऱ्याचा नव्हे.

आता घरातील घंटा यांपैकी कोणती, हे कसे ओळखावे?

सर्वांत आधी ती घासू नका. ही सूचना आम्ही मुद्दाम पुढे घेतली आहे, कारण पत्र वाचून पाहुणे पाहावयास येणार म्हणताच आपल्या घरातील बाई पहिली गोष्ट काय करील, तर चिंच, मीठ व राख घेऊन ती घंटा लखलखीत करील. समईस ते शोभते. या घंटेच्या बाबतीत मात्र तिचे वय सांगणारा जो काळपट-तपकिरी थर तिच्यावर बसला आहे, तो अर्ध्या तासात मोरीतून वाहून जाईल. पुन्हा तो बसण्यास आणखी एक आयुष्य लागते. मऊ कोरड्या फडक्याने धूळ पुसावी, यापलीकडे काही करू नये.

मग घंटा उलटी करून उजेडात आत पाहा. बाहेरच्या अंगास कारागीर हवा तसा रंग आणू शकतो; आतल्या अंगाकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. मेणाच्या रीतीने ओतलेल्या घंटेच्या कोपऱ्यांत भाजलेल्या काळ्या-तांबूस मातीचे कण अडकलेले असतात, पृष्ठभाग खडबडीत असतो, आणि भिंत सर्वत्र सारख्या जाडीची नसते. उलट दोन्ही बाजूंस वरपासून खालपर्यंत सरळ शिवण दिसली, तर ती दोन भागांच्या कायम साच्यातून निघालेली कारखान्याची वस्तू समजावी. मळसूत्राचा खिळा, सफाईदार कापलेली तार, नव्या कानशीच्या समांतर रेघा, हीही तशीच चिन्हे.

त्यानंतर झीज पाहावी. झीज खोटी करणे अवघड, कारण ती योग्य जागीच हवी. घंटा टांगली असेल तर कडीच्या वरच्या कमानीच्या आतल्या अंगास ती झिजलेली असावी. वाजविली असेल तर लोलक जेथे आपटतो तेथे आतून खळगे पडलेले असावेत. हाताळली असेल तर चेहऱ्याचे नाक व कपाळ गुळगुळीत, पण डोळ्यांच्या खाचा जशाच्या तशा. नाकासारख्याच डोळ्यांच्या खाचाही घासलेल्या असल्या, तर कोणी तरी बसून सारखी घासली असे समजावे. मात्र पत्रातील घंटेस येथे एक अडचण आहे. आजींनी ती वर्षानुवर्षे वाजविली आहे. तेव्हा लोलकाचे खळगे बेनिनच्या वेदीवर पडले की खानापूरच्या आल्ताराशेजारी, हे खळग्यांवरून सांगता येणार नाही.

हिरव्या रंगाने फसू नये. धातूवर चढलेले जुने जंगाल घट्ट असते. भिजलेला कापूस फिरवताच हिरवी पूड निघून आली, तर कोणी तरी अॅसिड लावून किंवा ओल्या जमिनीत पुरून ते घाईने आणले आहे. बुटांचे पॉलिश फासून काळपटपणा आणण्याची युक्तीही चालते. कापसास तो वास लागतो.

प्रयोगशाळेतही काही गोष्टी कळतात. जुन्या पद्धतीने केलेल्या पितळेत जस्ताचे प्रमाण शेकडा तीसच्या आसपास अडत असे. त्याहून बरेच अधिक निघाले तर धातू अलीकडचा. कमी निघाले म्हणून मात्र वस्तू जुनी ठरत नाही, कारण जुने भंगार वितळवून काल ओतलेली घंटाही तेच प्रमाण दाखवील. गाभ्याची माती शिल्लक असेल तर ती शेवटची केव्हा तापली हे किरणोत्सर्गाच्या साठ्यावरून काढता येते. या तपासण्यांस खर्च येतो, आणि साध्या घंटेसाठी तो करणे म्हणजे कोंबडीपेक्षा मसाला महाग. येथे एक सावधगिरी सांगून ठेवतो : प्रमाणपत्र आणून देतो, आधी फी भरा, असे म्हणणाऱ्या कोणासही एक पैसा देऊ नये.

आता मोल. पुतण्याने जे आकडे पाहिले ते खोटे नसावेत. पण ते या घंटेचे नव्हेत. २००७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात बेनिनच्या ओबाचे एक पितळी मस्तक ४७ लाख डॉलरांस गेले. ते शतकानुशतके जुने, राजवाड्यातले, आणि कोणाच्या हातून कोणाकडे गेले याचा कागदोपत्री माग असलेले असे होते. विसाव्या शतकात विक्रीसाठी ओतलेली घंटा परदेशी बाजारात काही दहा डॉलरांपासून फार तर दोन-तीनशे डॉलरांपर्यंत जाते. मोडीच्या भावाहून ती अधिक आहे, हे निश्चित. वर्षाची फी भरण्याइतकी आहे, असे आम्हास वाटत नाही. व्यापाऱ्याने सांगितलेला पाच हजारांचा आकडा ना लुटीचा ना औदार्याचा. पत्रासोबत आलेल्या छायाचित्रात कडीची झीज थोडी दिसते व नक्षीच्या कडा अजून तीक्ष्ण आहेत. १९७८ ते १९८३ या काळात बेनिन सिटीतच राहणाऱ्या शिक्षकाने ती आणली, यावरून ती इगुन रस्त्यावर, त्याच दहा-वीस वर्षांत ओतलेली असावी, असे आमचे मत झुकते.

मत झुकते, एवढेच. कारण छायाचित्रावरून शेवटचा शब्द सांगता येत नाही, आणि दुसरी बाजू खरी निघाली तर प्रश्न पैशाचा राहत नाही. नायजेरियात १९५३पासून पुरातन वस्तू परवान्यावाचून देशाबाहेर नेण्यास कायद्याने मनाई आहे. घंटा खरोखरच कोणा घराण्याच्या वेदीवरची निघाली, तर ती विकून मुलीची फी भरावी काय, हे त्या भगिनीने आपल्या मनाशी ठरवावे लागेल. हा प्रश्न काल्पनिक नाही. वेल्समधील मार्क वॉकर या निवृत्त डॉक्टरांकडे आजोबांच्या वेळेपासून बेनिनच्या दोन वस्तू होत्या, एक पितळी पक्षी व एक घंटा. आजोबा कॅप्टन हर्बर्ट वॉकर १८९७च्या स्वारीत होते. नातवाने त्या दोन्ही वस्तू विकल्या नाहीत. २०१४च्या जूनमध्ये तो त्या घेऊन बेनिन सिटीस गेला व राजवाड्यात परत करून आला. तेव्हा मोठमोठी संग्रहालये टाळाटाळ करीत होती. पुढे २०२२ साली जर्मनीने आपल्याकडील बेनिनच्या वस्तूंची मालकी नायजेरियास देण्याचा करार केला व डिसेंबरात वीस वस्तू प्रत्यक्ष नेऊन दिल्या. २०२५ साली नेदरलँड्सने ११९ परत केल्या.

आता पत्राच्या दुसऱ्या अर्ध्या भागाकडे वळतो. मालकीहक्काचा निवाडा करणे हे आमचे काम नव्हे. परंतु घंटेची ओळख पटवावयाची असेल, तर एका साक्षीदाराची गरज आहे, आणि तो साक्षीदार म्हणजे थोरली जाऊ. पत्रात ओझरता उल्लेख आहे की त्या पतीबरोबर तेथे चार वर्षे राहिल्या होत्या. घंटा दुकानातून घेतली, की एखाद्या विद्यार्थ्याच्या बापाने भेट दिली, की रात्री दारावर येऊन कोणी विकली? घेतली तेव्हा ती चकचकीत होती की काळी? किती नायरा दिले? विमानतळावर कोणी अधिकाऱ्याने कागद दिला काय, व तो जुन्या ट्रंकेत पासपोर्टाबरोबर पडला आहे काय? त्या काळचे एखादे छायाचित्र आहे काय, ज्यात मागे भिंतीवर घंटा दिसते? या पाच-सहा प्रश्नांची उत्तरे जगातल्या कोणत्याही प्रयोगशाळेपाशी नाहीत. ती हलशीकडच्या किंवा नंदगडकडच्या, जेथे कोठे त्या बाई राहत असतील, त्या घरच्या ओट्यावर आहेत. परदेशी तज्ज्ञदेखील पहिला प्रश्न हाच विचारील की, ही तुमच्याकडे आली कशी. ज्या बाईंना ते ठाऊक आहे, त्यांच्याशी बोलणे बंद करून घंटेची किंमत काढता येणार नाही. तेव्हा मोठ्या जावेकडे जावे, घंटा बरोबर न्यावी, आणि विक्रीची गोष्ट न काढता तिकडची हकिकत विचारावी. ती एका वहीत, तारीख घालून, त्यांच्या शब्दांत उतरवून घ्यावी व खाली त्यांची सही घ्यावी. त्यांचे वय पाहता हे काम पुढच्या उन्हाळ्यावर टाकू नये.

वही झाली की छायाचित्रे काढावीत : चारही अंगे, कडी, लोलक, उलटी धरून आतला भाग, शेजारी मोजपट्टी ठेवून. वजन व उंची लिहावी. मग पुतण्याचा फोन खरोखर उपयोगी पडेल. २०२२च्या नोव्हेंबरपासून डिजिटल बेनिन नावाची एक सूची सर्वांस खुली आहे. तिच्यात जगभरच्या संग्रहालयांतील बेनिनच्या पाच हजारांहून अधिक वस्तू छायाचित्रांसह पाहावयास मिळतात, आणि घंटाही पुष्कळ आहेत. त्यांच्याशी आपली ताडून पाहावी : भिंतीची जाडी, नक्षीची रेघ, कडीचा आकार. दोघी जावांनी एकत्र बसून पाहिले तर चार डोळे दोहोंपेक्षा बरे. ताडणीनंतरही शंका राहिली, तर छायाचित्रे व वहीची प्रत मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयासारख्या संस्थेकडे पाठवून विचारणा करावी. तोवर व्यापाऱ्यास घंटा देऊ नये व त्याच्याकडून विसारही घेऊ नये.

आपल्याकडच्या पावसाळ्यात तिला जपावयाचे ते असे. खानापूरची हवा दमट. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली तर आत घाम धरून हिरवे डाग पडतील. सुती कापडात सैल गुंडाळून कोरड्या कपाटात, जमिनीपासून उंच ठेवावी. तेल लावू नये, मेण फासू नये. लोलक लोखंडाचा असेल तर त्याचा गंज पितळेवर उतरतो की काय, हे महिन्यातून एकदा पाहावे. वाजविण्यास हरकत नाही. हलक्या हाताने, रोझरीच्या वेळी, पूर्वीसारखी. मात्र आजींनी बांधलेली ती जुनी सुतळी आता कुजली असेल. नवी, जाड, सुताची दोरी बांधावी, म्हणजे घंटा खाली पडून ओठ चिरणार नाही.